पाण्याखालच्या बारवेची पत्रं

ते पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा ते लिहून चोवीस दिवस झाले होते. बर्फातल्या आमच्या चौकीवर रोज डाक येत नसे. हवा उघडली की हेलिकॉप्टर यायचं आणि रॉकेल, डब्यातली भाजी, पत्रं असं सगळं एकदमच उतरायचं. मी हातमोजा काढून आंतरदेशीय पत्राच्या घड्या उघडल्या, पहिली ओळ वाचली आणि ओरडलो. त्या उंचीवर ओरडल्यावरही दम लागतो. मी तिथंच बर्फावर बसलो आणि धापा टाकत उरलेलं पत्र वाचलं.

आमचे हवालदार स्टोव्ह पेटवत होते. त्यांनी तंबूतून डोकं बाहेर काढलं. "क्या हुआ? घर में लड़का हुआ?"

"नहीं उस्ताद. मेरे दोस्त का हाथ पत्थर को लग गया."

"ज़्यादा चोट आई?"

मग मला हसू आवरेना. पहिली ओळ अशी होती : 'रविवारी सकाळी साडेनऊला टेलरच्या हाताला बारवेचा काठ लागला.' आमच्या सिद्धेश्वरच्या धरणात, पाच परस पाण्याखाली, जुन्या गावाची बारव आहे. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. असे पाच माणूस खोल पाणी. ती बारव आम्ही चौघं तीन हिवाळे शोधत होतो. पाचव्या हिवाळ्यात ती सापडली, आणि मी तिथं नव्हतो.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. ते राजस्थानचे. त्यांच्या गावात पाणी बघायलाच दोन कोस जावं लागायचं. स्टोव्हला दोन पंप मारत ते म्हणाले, "मतलब तुम लोग शौक से डूबते हो?"

खरं सांगायचं तर आमच्याकडचे लोकही हेच विचारायचे.

आमचा तांडा धरणापासून दीड कोसावर, माळावर. कधीकाळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायची. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आम्ही एका जागी बसलो, कापूस आणि तूर पेरू लागलो. पाण्याशी आमचा संबंध घागरीपुरता. मी मात्र दहा वर्षांचा असताना पांगाऱ्याचं लाकूड कमरेला बांधून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलो आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते लाकूड सोडून तळाची माती मुठीत घेऊन वर आलो. माझी याडी, म्हणजे आई, काठावर रडत उभी होती. मी तिला ती माती दाखवली. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग माती हातात घेऊन वास घेतला. "किती गार हाय रं," एवढंच ती म्हणाली.

बारावीनंतर मी रिकामाच होतो. तेव्हा धरणावर गुरुजींची ओळख झाली. ते धरणाजवळच्या गावात प्राथमिक शाळेत होते, मूळचे वसमतकडचे. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीतल्या मुलांना पोहू देत नसत, म्हणून ते नदीच्या डोहात पोहायला शिकले होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही चालता चालता. पण पाण्यात उतरताना ते नेहमी आधी ओंजळभर पाणी घेऊन त्याकडे क्षणभर बघायचे. मी कधी काहून म्हणून विचारलं नाही.

गुरुजींबरोबर औंढ्याचा एक टेलर यायचा. त्याला जाड भिंगाचा चष्मा. चष्मा काढला की काठावरची म्हैस आहे की माणूस, हेही त्याला कळायचं नाही. "पर पानी के नीचे सब बराबर है भाई," तो म्हणायचा, "तिथं तुमीबी आंधळे अन् मीबी आंधळा." पाण्याखाली बघायचे चष्मे त्यानंच तयार केले. फोटोला फ्रेम करणाऱ्याकडून काच कापून आणायची आणि ती सायकलच्या ट्यूबच्या रबरात बसवायची. ते गळायचे, पण नाकात पाणी जाईपर्यंत दोन हातांवरचं दिसायचं. त्या दोन हातांत काय काय दिसायचं! उभ्या पिकासारखं डुलणारं शेवाळ, एका जागी थांबून आपल्याकडे बघणारा मासा, आणि वरून खाली उतरत विरत गेलेल्या उन्हाच्या तिरिपी.

चौथा आमच्याच वयाचा एक भोई. धरणात मासे धरायचं त्याचं घरचं काम. पहिल्यांदा आम्हाला बघून तो होडी थांबवून म्हणाला, "आमी पोटासाठी पाण्यात उतरतो. तुमी काहून बुडून राहिले?"

गुरुजी म्हणाले, "खाली काय आहे ते बघायला."

"खाली चिखल हाय."

"अन् बारव?"

त्यानं वल्हं होडीत ठेवलं. त्याच्या आजोबांचं घर त्याच बुडालेल्या गावात होतं. पुढच्या रविवारी तो स्वतःच होडी घेऊन आला. त्याच्या आजोबांनी सांगितलेली खूण त्याच्याकडे होती. काठावरची टेकडी आणि धरणाच्या भिंतीवरचा एक खांब एका रेषेत आला की त्याखाली कुठंतरी बारव. आमची पद्धत साधी होती. होडीतून गाठी मारलेली दोरी सोडायची, पोटाशी दगड धरून दोरीच्या कडेनं खाली जायचं, दगड सोडून वर यायचं. खाली जाण्याआधी भात्यासारखा वीस वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा, हे टेलरनं शोधून काढलं होतं. त्यानं पाण्याखाली जास्त वेळ टिकता यायचं. आम्हाला ती मोठी युक्ती वाटायची.

मग परभणीला भरती निघाली, मी धावलो आणि घेतला गेलो. औंढ्याच्या स्टँडवर तिघं सोडायला आले. भोई गाडीच्या खिडकीला धरून उभा होता. गुरुजी म्हणाले, "दर रविवारचं मी लिहीत जाईन. तू तुझ्याकडचं लिही."

आणि त्यांनी लिहिलं. ट्रेनिंगमध्ये लिहिलं, पंजाबात होतो तेव्हा लिहिलं, बर्फात गेल्यावरही. त्यांची पत्रं हजेरीपटासारखी चोख असत. 'पाणी चहासारखं. एक हात दिसलं. गार थर आज तीन परसावर लागला. भोई अडीच मिनिटं. मी दीड. वयाचा परिणाम.' कडेच्या मोकळ्या जागेत टेलर दोन ओळी लिहायचा : 'तू होता तो मज़ा आता. तुझं माप बदललं असंल तर कळव, शर्ट शिवून ठिवतो.' भोयाला लिहिता येत नव्हतं. त्यानं एकदा पत्रात रोहूचा खवला चिकटवून पाठवला, रुपयाच्या नाण्याहून मोठा. चौकीवर आम्ही सहाजण होतो. तो खवला सगळ्यांच्या हातांतून फिरला. पांढऱ्या बर्फात तो उन्हाला धरला की त्यात गुलाबी-हिरवे रंग दिसत. तिथं झाड नाही, पाखरू नाही. महिनोन् महिने आम्ही पांढऱ्याशिवाय रंग पाहिला नव्हता. बंगालचा एक जवान तो खवला नाकाशी धरून डोळे मिटून किती तरी वेळ बसला.

मी कुठं आहे हे मला लिहिता यायचं नाही, तो नियमच होता. म्हणून मी जे दिसायचं ते लिहायचो. एकदा दोरी बांधून चालताना बर्फातली एक भेग लागली. मी पालथा पडून आत डोकावलो. खाली कुठवर ती जात होती ते कळेना, पण आत उजेड होता, निळा आणि हिरवट, वरून गाळून आलेला. तसा उजेड मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता, आपल्या धरणात तीन परसाखाली. मी गुरुजींना लिहिलं, 'इथंही पाणीच आहे, पण उभं राहिलेलं. त्याच्यावरून आम्ही चालतो.' त्यांनी ते पत्र चौथीच्या वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांनी विचारलेले अकरा प्रश्न पुढच्या पत्रात लिहून पाठवले. त्यातला एक होता, 'उभ्या पाण्यात मासे कुठं जातात?' 

दरम्यान आमचा जिल्हा बदलला. मी फौजेत असतानाच हिंगोली वेगळा जिल्हा झाला. गुरुजींनी पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'परभणी' खोडून 'हिंगोली' लिहिलं आणि खाली टीप दिली, 'धरण जागेवरच आहे.'

बारवेचा काठ सापडल्यावर पुढचं पत्र लगेच आलं. आता टेलरला आत उतरायचं होतं. काठावरून पायऱ्या सुरू होतात, त्या किती उरल्यात ते मोजायचं. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी. तेव्हा पाणी सगळ्यात स्वच्छ असतं.

ते पत्र खिशात असतानाच मी आजारी पडलो. आधी खोकला, मग चार पावलं चाललं तरी दम. रात्रीतून छातीत गुळण्या केल्यासारखा आवाज येऊ लागला. हवालदारांनी कान लावून ऐकलं आणि वायरलेसकडे धावले. सकाळी हेलिकॉप्टरनं मला खाली मोठ्या लष्करी दवाखान्यात आणलं. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. डॉक्टर म्हणाले, "फेफड़ों में पानी भर गया है. ऊंचाई से होता है. वक़्त पर आ गए."

मला ते खरंच वाटेना. इतकी वर्षं विहिरीत, धरणात बुड्या मारल्या, कधी छातीत थेंब गेला नाही. आणि जिथं प्यायचं पाणी बर्फ वितळवून करावं लागतं, तिथं, कोरड्या हवेत, मी आतून बुडत होतो. माणसाचं शरीर किती अजब आहे याचा विचार करत मी दोन दिवस त्या खाटेवर पडून होतो. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते नवलच.

शेजारच्या खाटेवर इंजिनियर पलटणीतला एक हवालदार होता. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच्या पलटणीत पुलाच्या कामासाठी पाणबुडे असतात, आणि तो त्यांना शिकवायचा. मला बोलता येऊ लागलं तसं मी त्याला आमचं धरण सांगितलं, दगड सांगितला, रबराचे चष्मे सांगितले. तो खूश होऊन ऐकत होता. मग मी मोठ्या फुशारकीनं टेलरची युक्ती सांगितली, वीस जोरदार श्वासांची.

तो उठून बसला. "यह कब से कर रहे हो?"

"तीन-चार साल से."

"कोई मरा नहीं अब तक?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा पार बदलला होता. तो सावकाश, एकेक शब्द सांगू लागला. जोरजोरात श्वास घेतल्यानं छातीत हवा जास्त साठत नाही. होतं एवढंच, की श्वासाची भूक मरते. आत हवा संपत आलेली असते, पण शरीर ओरडून सांगत नाही. माणूस मजेत खाली राहतो. आणि वर येताना, अगदी पाण्याच्या वरच्या थरात आल्यावर, दिवा विझावा तसा विझतो. हात नाही हलवत, हाक नाही मारत. होडीतल्याला कळतच नाही. "मैंने अपने कोर्स का एक लड़का ऐसे खोया है," तो म्हणाला. "ऊपर से एक हाथ नीचे था. एक हाथ."

मी विचारलं, "आज कौन सा दिन है?"

शनिवार होता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलर बारवेत उतरणार होता.

पत्राला तीन आठवडे लागतात. तारेला किती लागतील सांगता येत नव्हतं. टेलरनं एकदा पत्राच्या कडेला त्याच्या दुकानाशेजारच्या एसटीडीवाल्याचा नंबर लिहिला होता. ते पत्र माझ्या पिशवीत होतं. सिस्टर आधी नाहीच म्हणाल्या. मग त्या इंजिनियर हवालदारानं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी चाकाची खुर्ची आणून दिली. त्यानं एका हातानं ती ढकलत मला फाटकाजवळच्या बूथपर्यंत नेलं. लाइन सातव्या की आठव्या वेळेला लागली.

पलीकडून औंढ्याचा आवाज आला. "हां, बोला?"

 मी टेलरला बोलवा म्हणालो.

"ते तर दुपारीच दुकान बंद करून गेले. उद्या धरणावर काय तरी हाय म्हणं त्यांचं. गुरुजीकडं मुक्कामाला हायेत."

"गुरुजीकडं फोन हाय का?"

"न्हाई हो. तिथं कुठं फोन?"

मी धापा टाकत त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं. तो माणूस मला ओळखत नव्हता. तो म्हणाला, "थांबा, मी लिहून घेतो. सावकाश बोला." मी एकेक वाक्य सांगितलं, त्यानं लिहिलं आणि परत वाचून दाखवलं. "खाली जाण्याआधी जोरात श्वास घेऊ नका. वर येताना माणूस बेशुद्ध पडतो. वर येताना दुसरा माणूस पाण्यात पाहिजे." मग तो म्हणाला, "आता धरणाकडं गाडी न्हाई. सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो. काळजी करू नका भाऊ." आणि लाइन तुटली.

रविवारभर मी खाटेवर होतो.  जेवणाचं ताट इंजिनियर हवालदारानं दोन्ही वेळेला माझ्या हातात दिलं.

तिकडे काय झालं ते मला नंतर तिघांनी मिळून सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या बाजूनं. एसटीडीवाला पहाटे उठून स्टँडवर गेला आणि चिठ्ठी कंडक्टरच्या हातात दिली. कंडक्टरनं ती धरणाच्या फाट्यावरच्या चहावाल्याला दिली. भोई तेव्हा काठावर रात्रीचे मासे तोलून देत होता. होडी त्याच्या भावाची, आणि तीत बसून गुरुजी आणि टेलर आधीच बारवेवर गेले होते. चहावाल्यानं भोयाला हाक मारून चिठ्ठी वाचून दाखवली. भोई सांगतो, "मला पहिल्यांदा काई समजलं न्हाई. मग म्हटलं, एवढ्या लांबून सांगून राहिला म्हणजे उगंच न्हाई." त्यानं तराजू तसाच टाकला आणि ट्रकच्या ट्यूबवर पालथा पडून हात मारत निघाला.

तो पोचला तेव्हा टेलरचे वीस श्वास संपत आले होते. भोई लांबून ओरडला, "थांबा! जाऊ नका!" टेलरच्या कानांत त्याच्याच श्वासाचा आवाज. त्यानं दगड धरला आणि गेला.

गुरुजींनी होडीतून भोयाचं बोलणं ऐकलं. "वर येताना दुसरा माणूस पाण्यात पाहिजे." पुढचं बोलायला वेळच नव्हता. भोयानं ट्यूब सोडली, दोरी धरली आणि दोन परसांवर जाऊन थांबला. खाली हिरवा अंधार. त्यातून, तो सांगतो, आधी टेलरचा हात दिसला, मग डोकं. टेलर चांगला पोहत वर येत होता. भोयाच्या बराबरीला आला, त्याच्या पुढे गेला. आणि वरचा उजेड तोंडावर पडलेला असताना त्याचे हात थांबले. डोळे उघडे. तोंडातून बुडबुडे निघाले आणि तो परत खाली उतरू लागला, सावकाश, पान पडावं तसा. भोयानं त्याच्या केसांना धरलं.

होडीत घेतल्यावर गुरुजींनी त्याच्या तोंडावर फुंकर मारली, गालावर चापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. थोड्या वेळानं तो खोकला आणि त्यानं मोठा श्वास ओढला. मग डोळे किलकिले करून म्हणाला, "सात पायऱ्या हैत गुरुजी. सात मोजल्या. पुढं गाळ हाय." आणि मग, "मी वर कधी आलो?"

सोमवारी सकाळी मी पुन्हा बूथवर गेलो. एसटीडीवाल्यानं माझा आवाज ओळखला आणि काही न बोलता रिसीव्हर बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. दुकानांमधली वाट, सायकलची घंटी, कुणाचं तरी बोलणं, हे सगळं मला ऐकू येत होतं. मग पावलं आली.

"भाई," टेलर म्हणाला. "मैं बराबर है."

मी बूथच्या काचेला डोकं टेकवलं. बाहेर उभा असलेला इंजिनियर हवालदार माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. त्यानं धड असलेला हात कपाळाला लावला आणि वळून उभा राहिला.

त्या दोन दिवसांचा विचार करताना मला अजूनही सगळ्यात मोठं नवल त्या टेलरच्या जगण्याचं वाटत नाही. वाटतं ते असं, की एक हवालदार, एक सिस्टर, एक एसटीडीवाला, एक कंडक्टर, एक चहावाला, यांच्यातलं कुणीच माझं कुणी लागत नव्हतं. त्यातल्या कुणीही 'उद्या बघू' म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. कुणी म्हटलं नाही. ती तीन वाक्यं एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि शेवटी एका माणसाचे केस धरणाऱ्या मुठीपर्यंत पोचली.

गुरुजींनी त्या हवालदाराला आभाराचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, आठ पानी, डाव्या हातानं काढलेल्या आकृत्यांसकट. एकटं उतरायचं नाही. दोन बुड्यांमध्ये किती थांबायचं. वर आल्यावर माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं, हाताकडे नाही. गुरुजींनी त्याचं मराठी करून शाळेच्या फळ्याशेजारी लावलं आणि भोईवाड्यातली पोरं आधी ते पाठ करायची, मगच त्यांना खोल पाण्यात जाऊ द्यायचे. ती शिस्त आजही टिकून आहे.

मला डॉक्टरांनी पुन्हा वर पाठवलं नाही. सुट्टीवर आलो तेव्हा टेलरनं अंदाजानं शिवलेला शर्ट मला ढगळा झाला. "किती वाळलास रं," म्हणून याडी रडली आणि धरणावर जाऊ नको म्हणाली. मी दोन रविवार गेलोच नाही. खरं कारण याडी नव्हती. पाण्याकडे बघितलं की छातीतला तो गुळण्यांचा आवाज आठवायचा. तिसऱ्या रविवारी तिघं तांड्यावर आले.  भोई ओसरीवर बसून म्हणाला, "आज पाणी लई निवळ हाय," आणि चहा प्याला.

मी गेलो. चार साधे श्वास घेतले, दगड धरला. तीन परसांवर गार थर लागला, अंगावरून कुणी ओला कपडा ओढल्यासारखा. भोई दोरीला धरून तिथं थांबला होता. मी त्याच्या जवळून खाली गेलो. कान दुखले, मग मोकळे झाले. आणि हिरव्या अंधारातून एक सरळ रेघ वर आली. पाण्यात सरळ रेघ नसते. माती, शेवाळ, मासा, सगळं वळणाचं असतं. सरळ रेघ माणसाचीच. मी हात लावला. घडीव दगड, काठाशी गुळगुळीत झालेला, किती पिढ्यांच्या दोरांनी आणि घागरींनी कुणास ठाऊक. छातीत काहीही आवाज नव्हता. मी तिथं किती थांबलो ते मला सांगता येणार नाही. गुरुजींच्या घड्याळानं ते एक मिनिट दहा सेकंद होतं.

पुढं काही वर्षांनी लागोपाठ पाऊस कमी झाला. तोवर आमच्याकडे मोबाइल आले होते. मी मध्य प्रदेशात होतो. गुरुजींचा फोन आला. "बारव उघडी पडायला लागलीय. येतोस का?"

मी आलो तेव्हा धरणाचं पाणी पार मागं सरकलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून आम्ही चौघं चालत गेलो. ज्या वाटेनं आम्ही दगड धरून उतरायचो ती वाट आता आमच्या डोक्यावर, नुसत्या हवेत होती. मी दोनदा वर बघितलं. पाच परस उंच, कोरडं, निळं आभाळ. होडी तिथं कुठंतरी उभी असायची.

बारव पूर्ण उघडी होती. लोकांनी पाण्यासाठी आतला गाळ थोडा उपसला होता आणि सातच्या पुढे आणखी अकरा पायऱ्या निघाल्या होत्या. तळाशी गुडघाभर पाणी होतं, आणि बायका ओळीनं उतरून ते भरत होत्या. इतकी वर्षं पाण्याखाली राहून ती बारव पुन्हा लोकांना पाणी देत होती. एका भिंतीत कोनाडा होता. त्यात कुणीतरी आदल्या दिवशी दिवा लावला होता. टेलरनं दगडांवरून हात फिरवत सगळी बारव बघितली. इतक्या वर्षांत आम्ही या जागी एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बोलणार कसं? आता पायरीवर बसलो आणि टेलरनं आम्हा तिघांनाही एकेक हाक मारून बघितली.

 त्या वर्षी धरणात मासाच नव्हता आणि भोई पुण्याला कुठल्या तरी बांधकामावर जाणार होता. त्यानं कोनाड्याच्या खालचा एक दगड दाखवला, तिथं घागर ठेवायची गोल खळगी झालेली. "माझी आजी हितं घागर ठिवायची म्हणत," तो म्हणाला. त्यानं त्यात तळवा ठेवला. तळवा बरोबर बसला.

एका बाईनं घागर भरून वर येता येता आम्हाला विचारलं, "तुमी कुठले हो? कुणाचे पाव्हणे?"

गुरुजी उठले, तिच्या डोक्यावरची घागर त्यांनी दोन्ही हातांनी सावरली आणि म्हणाले, "इथलेच. जरा वरचे."

ती हसली. आम्ही तिच्या मागून, पायऱ्या मोजत, वर चढू लागलो.